तिसरी पायरी

पायरी एकच बसवायची होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर आळीत जे पसरलं त्यात काहींनी आमच्यावर मजला चढवला आणि काहींनी शेजारचं देऊळ सुद्धा पाडलं.

आमचा बार आहे. एकवीस वर्षं झाली लग्नाला, तरी हे वाक्य लिहिताना हात आपोआप पदराकडे जातो. मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की 'काशीराम शेट्ये आणि मंडळी, स्थापना १९६४' अशी पाटी दिसते आणि तिच्याखाली, जरा लाजल्यासारखं, बारीक अक्षरात 'परमिट रूम'. काशीराम हे माझे आजेसासरे. त्यांनी घालून दिलेली रीत अशी की दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग घरच्या स्वयंपाकातलं एक पान, तेही फुकट, आणि त्यानंतर ग्लास. रिकाम्या पोटी कोणाला थेंब द्यायचा नाही. आता पुढे आमचे हे, म्हणजे ओमकार, बसतात आणि मागच्या स्वयंपाकघरातून पानं मी वाढते. घरात जे शिजतं तेच बाहेर जातं. त्यामुळे संकष्टीला आमच्याकडे व्हिस्कीबरोबर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी मिळते आणि चातुर्मासात चार महिने कांदा-लसूण नाही. गिऱ्हाइकं कुरकुरत नाहीत. उलट चंद्रोदयाची वेळ कोणाला हवी असेल तर त्याने आमच्या चौथ्या टेबलावर विचारावी. देवळातल्या गुरवाची दोन-चार मिनिटं इकडेतिकडे होतात, त्या टेबलाची होत नाहीत.

तर पायरी. विठू तांडेल म्हणून आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, सगळा जन्म समुद्रावर गेला. बोटीवर कधी तोल गेला नाही असं ते सांगतात, आणि आमच्या दारात पडले. पडले ते आत येताना. हे मुद्दाम लिहिते. जाताना पडले असते तर कोणी चौकशीही केली नसती. दाराला दोनच पायऱ्या, जांभ्या चिऱ्याच्या. साठ वर्षांत पुढची माती पावसाने वाहून गेली आणि पहिली पायरी पार गुडघ्यापर्यंत आली. विठूकाका पडल्या पडल्या म्हणाले, "काय नाय वयनी, मी आपला नमस्कार केला." पण माझ्या जिवाला लागून राहिलं. खाली आणखी एक पायरी बसवायची, असं मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बसव. आमचा संसार असाच चालतो. मी हळू बोलते, हे लवकर हो म्हणतात, आणि मग दोघं मिळून निस्तरतो.

शेजारच्या गोदाकाकूंना चिरा उतरतानाच दिसला. काकू आमच्याकडे रोज येतात, पण बारचं घर म्हणून पाणीसुद्धा घेत नाहीत. सल्ला मात्र देतात, त्याला विटाळ नाही. त्यांच्या मते पायऱ्या मोजताना लाभ, हानी, लाभ असं म्हणत चढायचं आणि शेवट लाभावर यायला हवा. म्हणजे दोन पायऱ्यांवर आम्ही साठ वर्षं हानीत होतो. हे ऐकून ह्यांनी एकदम काही आठवल्यासारखा चेहरा केला. समोरच्या प्रेसवाल्याने चिऱ्याऐवजी ग्रॅनाइट सुचवलं. गवंडी अमरदीप म्हणाला, ग्रॅनाइटवर पावसात माणूस घसरतो, आणि तुमच्याकडची माणसं घसरायला पावसाची वाट बघत नाहीत. चिराच बसला.

दुसऱ्या दिवशी दसरा. घरातल्या खिळ्या-हातोडीची सुद्धा पूजा होते, मग नव्या पायरीने काय पाप केलं होतं? मी तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, पुढे रांगोळी काढली, नारळ वाढवला आणि डोकं टेकवलं. एवढंच. कोणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो माझ्या हेदवीच्या माहेरी पोचला आणि तिथून परत माझ्याकडे आला. खाली लिहिलं होतं, 'भक्ती असावी तर अशी'. फोटोत मी बारच्या पायरीवर डोकं टेकवून होते आणि मागे पाटी स्पष्ट दिसत होती. धाकट्या भावाने फक्त विचारलं, ताई, बरी आहेस ना?

तो फोटो फिरत फिरत एक्साइजच्या ऑफिसात गेला. तिथे माझी भक्ती कोणी पाहिली नाही. त्यांनी पायऱ्या मोजल्या.

तिसऱ्या दिवशी करुणा तांबे नावाच्या निरीक्षक मॅडम आल्या. तिशीच्या, सडपातळ, आवाज माझ्याहूनही हळू. हातात आमच्या बारचा मंजूर नकाशा. नकाशात दोन पायऱ्या होत्या आणि दारात तीन. मी म्हटलं, एका म्हाताऱ्या माणसासाठी बसवली. त्यांनी मान डोलावली आणि टेप काढला. आळीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आहे, मी रोज सकाळी जाते तेच. बार आणि देऊळ यांच्यात ठरावीक अंतर लागतं. आमचं अंतर काशीरामांच्या वेळेपासून नियमापेक्षा बरोबर चार बोटं जास्त होतं. पायरी होती एक फुटाची.

म्हणजे हिशेब असा झाला, की मी पूजा करून बार देवाच्या एक फूट जवळ नेला होता. मारुतीची काही हरकत नसावी. खात्याची होती. सुधारित नकाशा मंजूर होईपर्यंत बार बंद, असं मॅडमनी लिहून दिलं. हे म्हणाले, आत्ताच तोडतो पायरी, संपलं. मॅडम म्हणाल्या, तोडू नका, तोही विनापरवाना बदल होईल. अमरदीप पहार घेऊन आला होता. तो ती खांद्यावर टाकून परत गेला.

पुढचे दिवस हे नकाशे घेऊन फिरले. आर्किटेक्ट म्हणे, आधी मोजणी. मोजणीवाले म्हणे, आधी अर्ज. अर्जाला जुन्या नकाशाची प्रत हवी, आणि ती प्रत ज्या फायलीत होती ती फाइल आमच्याच बंदीच्या कागदासाठी वर गेलेली. ते सगळं ह्यांचं दुःख. माझं वेगळं होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

माझं एक व्रत आहे. घरी न बोलावता आलेला कोणीतरी जेवल्याशिवाय आपण अन्न घ्यायचं नाही. हे माहेरचं, आईकडून आलेलं. हेदवीला गणपतीच्या दर्शनाला माणसं येतच असतात, तिथे अतिथीला तोटा नाही. माझं लग्न बारवाल्या घरात ठरलं तेव्हा सगळ्यांनी हळहळ केली, की हिच्या व्रतवैकल्यांचं आता काय होणार. मीही रडले. आणि इथे येऊन बघते तर काय, सकाळी अकराला दार उघडलं की अतिथी हजर. न बोलावता. रोज. वर गूळ-पाणी घेऊन पानावर बसायची सवय असलेले. एकवीस वर्षांत मी एकदाही उपाशी राहिले नाही. एखाद्या मठात पडले असते तर इतकं सुरळीत चाललं असतं का, शंका आहे. आमच्या गिऱ्हाइकांबद्दल लोक काय काय बोलतात. मी मनात त्यांना हात जोडते.

आता दारच बंद. आणि बोलावता येत नाही, हीच तर मेख. बोलावून आणला तो पाहुणा झाला. ह्यांनी फोन उचलला की मी डोळे वटारायची. पहिल्या दिवशी देवाने पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा माणूस पाठवला. तो जेवला, पोट भरल्यावर यंत्र दाखवायचं विसरून गेला, आणि मी दीडला जेवले. दुसऱ्या दिवशी गॅसवाला आला. त्याला पान वाढते म्हटलं तर त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सिलिंडर न मोजताच पळाला. त्या दिवशी मी तिन्हीसांजेला, दुसऱ्याचं पार्सल चुकून आमच्याकडे घेऊन आलेल्या माणसाच्या कृपेने जेवले. तिसऱ्या दिवशी कोणीच नाही. रात्री मी पाणी पिऊन झोपले आणि ह्यांना सांगितलं, पोट जड आहे. हे एकवीस वर्षं माझ्याबरोबर राहतात. त्यांनीही स्वतःचं पान झाकून ठेवलं. म्हणाले, माझंही जड आहे.

चौथ्या दिवशी मात्र चमत्कार झाला. साडेबाराला विठूकाका मागच्या दाराने आले. त्यांची छत्री आमच्याकडे राहिली होती म्हणे. मी शोधली, सापडेना. आलात तसे दोन घास खा म्हटलं, तर लगेच पाटावर बसले. पाचव्या दिवशी प्रेसवाला आला, एकादशी कधी आहे विचारायला. सहाव्या दिवशी चौथ्या टेबलावरचे एक निवृत्त मास्तर, पायरीची तब्येत कशी आहे ते बघायला. मी देवापाशी बसून रोज गहिवरत होते, की मारुतीराया, एक फूट जवळ आल्याचं तू चांगलंच मनावर घेतलंस.

आठव्या दिवशी दोघं एकदम आले. विठूकाका आणि मास्तर. अंगणात तुळशीपाशी समोरासमोर उभे राहून हळू आवाजात भांडत होते. मास्तर म्हणत होते, बुधवार माझा. विठूकाका म्हणत होते, मास्तर, बुधवार काल झाला, शिकवलात काय तुम्ही जन्मभर? मी ओट्यापाशी उभी राहून सगळं ऐकलं.

विचारल्यावर विठूकाकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. माझं व्रत त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एकवीस वर्षं ते पहिलं पान घेत आले होते, आणि ते जेवून हात धुतात तोच आतून माझा पाट मांडल्याचा आवाज यायचा. रोज. खोल पाण्यात मासा कुठे आहे ते ओळखणाऱ्या माणसाला एवढं कळायला वेळ लागत नाही. बार बंद झाल्यावर तिसऱ्या रात्री ह्यांना त्यांनी नाक्यावर गाठलं, आणि ह्यांचा चेहरा बघून चौथं टेबल कोणाच्या तरी ओटीवर भरलं. वार वाटून घेतले.

"वयनी, तुम्ही आमाला रिकाम्या पोटी कदी बसू दिलंत नाय," विठूकाका म्हणाले. "आमी तुमाला कसं ठेवू?"

मी आत गेले. कांदा चिरत होते म्हणावं तर चातुर्मास. नुसतीच उभी राहिले.

मग शास्त्रार्थ उभा राहिला. ठरवून आलेला अतिथी म्हणायचा का? मी बोलावलं नव्हतं, हे खरं. पण त्यांनी एकमेकांना पाठवलं होतं. गोदाकाकूंनी यावर मत दिलं, की वार ठरले म्हणजे तिथी ठरली, व्रत बाटलं. मी पुष्कळ विचार केला आणि शेवटी असं ठरवलं, की देव माणसांना पाठवतो तेव्हा वार वाटून देतो की नाही हे मला कुठे माहीत आहे. दोघांनाही वाढलं. त्या दिवशी मी जरा जास्तच जेवले.

पण आळीला डोळे असतात. बंद बारच्या मागच्या दाराने रोज दुपारी एक ठरलेला पिणारा आत जातो आणि अर्ध्या तासाने मिशी पुसत समाधानाने बाहेर येतो, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. याचा अर्थ कोणीही जो काढेल तोच त्याने काढला आणि तक्रार केली.

वसुबारसेचा दिवस होता. आदल्या दिवशी एकादशी, माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. एकादशीचं पारणं द्वादशी आहे तोवर सोडावं लागतं, आणि पंचांगात द्वादशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांपर्यंत होती. विठूकाका साडेबाराला आले. वसुबारसेला आमच्याकडे दूध-ताक चालत नाही म्हणून मी ताकाऐवजी सोलकढी केली होती, लसूण न घालता. भात, आमटी, गवारीची भाजी वाढली. काका चित्राहुती घालून पहिला घास उचलणार, तेवढ्यात मागच्या दारात करुणा मॅडम उभ्या. मागे शिपाई, शिपायाच्या मागे गोदाकाकू.

काकांनी घास परत पानात ठेवला आणि उठून उभे राहिले. साठ वर्षांच्या बारवर आपल्यामुळे बालंट नको, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मॅडमची नजर काचेच्या पेल्यावर गेली. आत गुलाबी रंग, वर थोडा फेस. बारचा पेला, बारचं गिऱ्हाईक, बंद बार.

मी म्हटलं, सोलकढी आहे. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मॅडम म्हणाल्या, तक्रार आली आहे, नमुना सीलबंद करून तपासणीला पाठवावा लागेल. अहवाल किती दिवसांनी येतो ते ह्यांनी विचारलं. महिना, दोन महिने, कधी जास्त. तोवर नकाशाची फाइलही हलणार नाही. आमच्या आजेसासऱ्यांनी सुरू केलेल्या त्या साठ वर्षांच्या पानावर सोलकढीने पाणी पडणार, असं मला दिसायला लागलं. घड्याळात बारा बावन्न झाले होते. लाज वाटते सांगायला, पण तेवढ्या संकटात माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं.

मी मॅडमना म्हटलं, निदान बसा, गूळ-पाणी घ्या. त्या म्हणाल्या, परवानाधारकाकडून आम्हाला काही घेता येत नाही. बरोबरच होतं. विठूकाकांना म्हटलं, तुम्ही जेवा. ते म्हणाले, ह्यो पुरावा आहे वयनी, पुराव्याला हात कसा लावू? शिपायाकडे बघितलं तर तो मॅडमकडे बघायला लागला.

मग विठूकाका बोलले. मला वाटलं होतं ते बारबद्दल बोलतील.

"मॅडम, कायदा तुमचा, आमी कोण बोलणार? पण कोण जेवल्याशिवाय ही बाय अन्न घेत नाय. कालची एकादस. एक वाजून दहाला हिची वेळ जाते. मग हिचं काय ते तुमीच सांगा."

मी मान खाली घातली. एकवीस वर्षं जे मी आपणहून कोणाला सांगितलं नाही ते एक्साइजच्या माणसांपुढे उघडं पडलं होतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग शिपायाला पंचनाम्याचा कागद काढायला सांगितला आणि दोन पंच हवेत म्हणाल्या. एक मास्तर, ते कुंपणाबाहेर उभेच होते. दुसऱ्या गोदाकाकू, त्या तर आतच होत्या.

"नमुना पाठवण्याआधी प्राथमिक तपासणी करता येते," मॅडम म्हणाल्या, आणि पेला उचलून वास घेतला. मग एक घोट घेतला. थोडा वेळ थांबल्या. मग दुसरा घेतला. शिपाई म्हणाला, लिहू का मॅडम? त्या म्हणाल्या, थांब, अजून खात्री नाही. पेला रिकामा झाला तेव्हा खात्री झाली.

पंचांनीही खात्री करावी असं नियमात आहे की नाही मला माहीत नाही, पण मॅडमनी तसं सांगितलं. मास्तरांनी आनंदाने केली. गोदाकाकूंपुढे पेला आला. एकवीस वर्षांत ज्या घरचं पाणी घेतलं नाही त्या घरची सोलकढी, तीही सरकारी हुकुमाने. त्यांनी डोळे मिटून एका दमात संपवली, आणि डोळे उघडून म्हणाल्या, कोकम घरचं का ग? आणखी थोडी घाल, नीट कळली नाही.

मॅडम पानाकडे बघत होत्या. सकाळी सहाला दाभोळच्या बाजूने निघालेल्या, असं शिपाई नंतर म्हणाला. त्यांनी विचारलं, ही नुसती पितात की भाताबरोबर? मी म्हटलं, दोन्ही. त्या म्हणाल्या, मग भातही तपासायला हवा. मी दुसरं पान मांडलं. वाढताना आमटी थोडी सांडली. करुणा मॅडम पाटावर मांडी घालून बसल्या आणि अगदी गंभीर चेहऱ्याने, इकडेतिकडे न बघता, भात, आमटी आणि गवार, तिन्हीची तपासणी केली. मग विठूकाकांना म्हणाल्या, आजोबा, तुमच्यासमोरचा पुरावा आता सोडला आहे, जेवा.

हात धुताना त्या ह्यांना म्हणाल्या, चिरा समोर कशाला ठेवता, बाजूने लावून दार चढता येतं, अंतर समोरून मोजतात. तसा अर्ज करा. हे मी सांगितलं असं कुठे लिहू नका. म्हणून मी हे लिहिताना त्यांचं नाव बदललं आहे, वेळ पडली तर तसं सांगेन.

पंचनाम्याची प्रत आमच्याकडे राहिली. ती मी नुसती वाचली नाही, देवापुढे ठेवून वाचली. त्यात लिहिलं आहे : 'पेल्यातील गुलाबी रंगाचा द्रव वासाने व चवीने तपासला असता तो कोकम व नारळाचा असल्याची पंचांसमक्ष खात्री झाली. सोबतच्या भात, आमटी व भाजीचीही खात्री करण्यात आली. आक्षेपार्ह काही आढळले नाही. सदर तपासणी पथक कोणाच्याही बोलावण्याशिवाय गेले होते.' शेवटचं वाक्य कशासाठी घातलं, असं शिपायाने मॅडमना विचारलं होतं. त्यांनी फक्त लिही म्हटलं. खाली सही, तारीख आणि वेळ : दुपारी एक वाजून चार मिनिटे.

सहा मिनिटं हातात होती. मॅडमची गाडी आळीतून वळली, मी त्या दिशेला हात जोडले, आणि आत येऊन पाट मांडला. बाहेर ओटीवर मास्तर आणि गोदाकाकू कोकमावरून वाद घालत होते, विठूकाका पानावर शेवटचा भात निपटत होते. माझा पाट जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला तसे सगळे एकदम गप्प बसले.

मी पहिला घास घेतला.